जेवणाच्या वेळी घरातले दोन कुत्रे भांडतात: कारणं आणि उपाय

ताटली खाली ठेवली की एक गुरगुरतो आणि दुसरा भिंतीला चिकटून उभा राहतो. कधी दोघंही एकमेकांवर तुटून पडतात. एरवी दिवसभर हेच दोघं एका चटईवर पाठीला पाठ लावून झोपलेले असतात. दोन कुत्रे असलेल्या घरांत ही तक्रार नेहमीची, आणि उपायही नेहमीचेच: ताटली बदलायची, उंच स्टँड आणायचा, आधी कोणाला वाढायचं यावर घरात वाद घालायचा. या सगळ्यात लक्ष ताटलीवरच राहतं. भांडणाचं मूळ मात्र बहुतेक वेळा ताटली येण्याआधीच्या दहा मिनिटांत, ती रिकामी झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत आणि दोघांमधल्या अंतरात असतं. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

सोयीसाठी जो आपलं अन्न राखतो त्याला ‘राखणारा’ म्हणू आणि जो दुसऱ्याच्या ताटलीवर डल्ला मारायला जातो त्याला ‘डल्लेखोर’. काही घरांत एकच कुत्रा दोन्ही कामं करतो, ते वेगळं.

आधी नेमकं काय होतंय ते बघा

उभं राहून बघू नका, तुमच्या असण्यानेच दोघांचं वागणं बदलतं. मोबाइल कपाटावर टेकवून दोन-तीन जेवणांचं चित्रीकरण करा. वाढण्याच्या दहा मिनिटं आधी सुरू करा आणि ताटल्या उचलल्यावर पंधरा मिनिटांनी थांबवा. आतापर्यंत चावाचावी झाली असेल तर हे चित्रीकरणही दोघांच्या मध्ये बंद दार किंवा जाळी ठेवूनच करायचं.

मग आवाज बंद करून बघा. गुरगुर सगळ्यांना ऐकू येते. तिच्या आधीच्या खुणा निसटतात, कारण त्या बिनआवाजी असतात. दुसरा कुत्रा जवळ आला की राखणाऱ्याचा खाण्याचा वेग अचानक वाढतो. मान ताटलीवर आणखी खाली जाते, खांदे ताठरतात. पुढची पायरी म्हणजे तो खाता खाता थबकतो. तोंड ताटलीतच, जबडा स्थिर, आणि डोळा तिरका होऊन त्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. हा थबकण्याचा क्षण अर्ध्या सेकंदाचाही असू शकतो, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच. त्यानंतर ओठ उचलणं, गुरगुर, हवेत जबडा मिटणं आणि शेवटी चावा, अशी चढण असते.

नॉर्मल काय तेही ओळखायला हवं. दुसरा जवळून गेला, राखणाऱ्याने अंग थोडं आडवं केलं, चघळणं चालूच ठेवलं आणि दुसरा मान वळवून निघून गेला, तर तिथे काहीही दुरुस्त करायचं नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं. दुसरा ऐकत नाही किंवा पहिला सांगण्याऐवजी थेट अंगावर जातो, तेव्हा तुमचं काम सुरू होतं.

भांडण कधी होतं त्यानुसार प्रकार ठरतो: वाढण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात, खाताना, ताटल्या रिकाम्या झाल्यावर, की माणसं जेवत असताना. चित्रफितीवरून यातला कुठला ते लिहून ठेवा. उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे.

‘तो बॉस आहे, त्याला आधी वाढा’

हा सल्ला सर्वत्र मिळतो, म्हणून त्याचा निकाल आधी लावू. त्याचं मूळ कुत्र्यांत नाही, लांडग्यांत आहे. प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 साली जे लिहिलं, त्यातून ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना पुढे आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. पुढे त्याच मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांवर काम केलं आणि 1999 च्या निबंधात मांडलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई, बाप आणि त्यांची पोरं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले की होणारी मारामारी तिथला रोजचा प्रकार नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली, ती आपल्या कामाची: तोंडाजवळचा घास खालच्या दर्जाचा लांडगाही सहजासहजी सोडत नाही, समोर कोणीही असो.

घरातल्या कुत्र्यांतही कोण कोणाला वाट देतो हे ठरलेलं असतं, ते नाकारायचं कारण नाही. पण ते वस्तूगणिक बदलतं. ताटलीवर जीव टाकणारा सोफा बिनबोभाट सोडून देतो. पाच किलोची पॉमेरेनियन मादी तीस किलोच्या लॅब्रेडोरला वाटीपासून दूर ठेवते. बऱ्याचदा राखणारा हा दादागिरी करणारा नसून धास्तावलेला असतो: आपलं जाईल ही त्याची भीती. त्याला ‘धाक दाखवायला’ गेलात तर भीती खरी ठरते आणि राखण वाढते.

वाढण्याचा क्रम ठरलेला असावा हे खरं. रोज तोच क्रम असला की कुत्र्यांना पुढचं कळतं आणि ते थांबू शकतात. पण पहिलं पान कोणाचं, याला मानपानाचा अर्थ लावायची गरज नाही. ज्याला वाट बघणं जास्त जड जातं, त्याला आधी खोलीत घ्या.

त्याच घराण्यातले आणखी तीन सल्ले सरळ सोडून द्या. खाताना ताटलीत हात घालून ‘सवय करणं’, मध्येच ताटली उचलून ‘मालक कोण’ ते दाखवणं, आणि गुरगुरल्यावर पाठीवर पाडून दाबून धरणं. गुरगुरल्याबद्दल ओरडणं किंवा मारणं हाही त्यातलाच प्रकार. मार खाऊन कुत्रा गुरगुरायचं सोडतो, राखायचं सोडत नाही. मग लोक सांगतात की ‘काही न करता एकदम चावला’.

आज रात्रीपासून: दार लावा

शिकवणं नंतर. आधी भांडण होऊच नये अशी व्यवस्था करायची, कारण प्रत्येक भांडण हा पुढच्या भांडणाचा सराव असतो. नुसत्या दोन कोपऱ्यांत ताटल्या ठेवणं पुरत नाही. वेगाने खाणारा आपली ताटली दोन मिनिटांत संपवून दुसऱ्याच्या कोपऱ्यात हजर होतो. दोघांच्या मध्ये बंद होणारी वस्तू हवी.

फ्लॅटमध्ये एकाला बेडरूम आणि दुसऱ्याला हॉल ही सगळ्यात सोपी वाटणी. ड्राय बाल्कनी चालते, पण दुपारच्या उन्हात नाही आणि वॉशिंग मशीन सुरू असताना नाही. बाथरूम शक्यतो टाळा: फरशी ओली, पाय घसरतात, आणि आंघोळीची नावड असलेला कुत्रा तिथे ताणातच खातो. लहान मुलांसाठी मिळतं ते दाराच्या चौकटीत दाबून बसणारं फाटक उपयोगी आहे, मात्र ते पाऊण ते एक मीटर उंच असतं आणि चपळ गावठी कुत्रा ते उडी मारून पार करतो. शिवाय आरपार दिसत असेल तर राखणारा जाळीतूनही ताठरतो. त्यावर जुनी चादर टाका.

क्रम असा ठेवा:

1. दोघांना आपापल्या जागी घेऊन दार लावा, मगच डबा उघडा. अन्नाचा वास आणि मोकळे कुत्रे एकत्र येऊ देऊ नका.
2. राखणारा तुमच्याही हाताशी ताठरत असेल तर ताटली आधी खोलीत ठेवा आणि मग त्याला आत सोडा. ताटली घेऊन त्याच्या अंगावर चालत जाऊ नका.
3. दोघांना पंधरा ते वीस मिनिटं द्या. लवकर संपलं तरी दार वेळेआधी उघडायचं नाही.
4. कुत्र्याला हाक मारून किंवा दाराबाहेर एक तुकडा टाकून बाहेर काढा, दार लावा आणि मग ताटली उचला. एका वेळी एकच कुत्रा बाहेर. दुसरा अजून आत बंद आहे याची खात्री असू द्या.
5. सांडलेले दाणे पुसा, ताटल्या धुऊन वर ठेवा. त्यानंतर दहा मिनिटांनी दोघांना एकत्र आणा, तेही मोकळ्या हॉलमध्ये, दाराच्या चिंचोळ्या जागेत नव्हे.

पाचवी पायरी बहुतेक घरांत गळते. रिकामी ताटली चाटायला दोघं एकमेकांच्या जागेवर जातात, आणि रिकाम्या ताटलीवरून होणारं भांडण भरलेल्या ताटलीइतकंच खरं असतं. कपाटाखाली गेलेला एक दाणाही पुरतो.

बारीक गोष्ट, पण महत्त्वाची: गुळगुळीत टाइलवर स्टीलची ताटली चाटता चाटता सरकते आणि कुत्रा तिच्यामागे सरकत दाराला लागतो. पलीकडे दुसरा दाराच्या फटीला नाक लावून बसलेला असतो. ताटलीखाली रबरी मॅट किंवा ओलं पोतेरं घाला आणि ताटली दारापासून लांबच्या भिंतीशी ठेवा. पाण्याची भांडी दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. पाण्यावरून भांडणारेही असतात, उन्हाळ्यात विशेष.

भूक मोजा

सतत भुकेला कुत्रा अन्न जास्त राखतो, त्यामुळे प्रमाण तपासणं हे सुरुवातीचंच काम. पशुवैद्यक वापरतात तो हिशेब असा: वजनाचा 0.75 घात काढा आणि 70 ने गुणा. ती झाली विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ घरगुती कुत्र्यासाठी तिला साधारण 1.6 ने गुणतात. त्यानुसार 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 630 किलोकॅलरी, 20 किलोच्याला 1060 आणि 30 किलोच्याला 1435 च्या आसपास. हा आरंभबिंदू आहे. पुढे महिन्याला वजन करून कमीजास्त करायचं. पाकिटाच्या खाद्यावर कॅलरी छापलेल्या असतात. वाटीने मोजू नका, वजनकाट्यावर मोजा.

आता घरातली बेरीज. एक मध्यम पोळी साधारण शंभर किलोकॅलरी, तूप वेगळं. दिवसभरात घरातल्या चौघांनी मिळून दोन पोळ्या ‘असंच’ घातल्या की 10 किलोच्या कुत्र्याचं जवळजवळ एक तृतीयांश जेवण झालं. मग तो ताटलीतलं अर्धं टाकून निघून जातो आणि उरलेल्या अर्ध्यावरून दोघांची जुंपते. वीस मिनिटांनी ताटली उचलायची हे म्हणूनच. दिवसभर भरलेली ताटली मध्ये पडून असणं हे दोन कुत्र्यांच्या घरात सगळ्यात वाईट.

प्रौढांना दिवसातून दोनदा, पिल्लांना तीन-चारदा. एकदाच भरपूर घालण्याची पद्धत असेल तर तेवढंच अन्न दोन वेळांत विभागा. तेवढ्यानेही धार कमी होते.

लॅब्रेडोरचं प्रकरण वेगळं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रेडोरांत ‘पॉम्सी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नासाठी जास्त हपापलेले असतात. साधारण चारातला एक लॅब्रेडोर त्यातला. त्यामुळे ‘पोटभर घाला, मग भांडणार नाही’ हा उपाय लॅबच्या बाबतीत फक्त वजन वाढवतो. त्याला खाणं सावकाश करायला लावा: आत उंचवटे असलेली ताटली, किंवा केकचे कप भाजायचा ट्रे, दर खळग्यात थोडं थोडं. मोठ्या, खोल छातीच्या जातींत, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांच्यात, बकाबका खाण्याने पोट फुगून पिळा पडण्याचा धोकाही वाढतो. पोट टम्म, उलटीचा प्रयत्न पण बाहेर काही येत नाही, बेचैनी: असं दिसलं की तासभरही वाट न बघता दवाखाना.

आणि जो कुत्रा आयुष्यभर शांत खात होता तो अचानक राखू लागला, तर शिकवणी लावण्याआधी डॉक्टरांकडे न्या. दातदुखी, कानाचा संसर्ग, सांधेदुखी यांनी कुत्रा जवळ कोणी आलेलं सहन करत नाही. जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचे विकार भूक वाढवतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड आणि फिटसाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटोनही भूक भडकवतात. औषध चालू असेल तेवढे दिवस दार जास्त कडक पाळा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

स्वयंपाकघराच्या दारातलं भांडण

कुकरची शिट्टी, पिंपातल्या खाद्याचा खळखळाट, ताटलीचा आवाज: यातल्या एखाद्या खुणेवर दोघं उठतात, अरुंद पॅसेजमधून एकमेकांना ढकलत ओट्यापाशी येतात, खांद्याला खांदा लागतो आणि ठिणगी पडते. इथे अन्न अजून आलेलंच नसतं. उत्तेजना वर गेलेली असते आणि ती शेजारच्यावर निघते.

खूण बोथट करा. दिवसातून पाच-सहा वेळा पिंप खळखळवा आणि काहीही न देता निघून जा. जेवणाची वेळ घड्याळाच्या काट्यावर न ठेवता तासाभराच्या टप्प्यात पुढेमागे करा. सातला सात म्हणजे सातच असेल तर पावणेसातपासून घरात ताण साचतो. आणि स्वयंपाकघर दोघांनाही बंद. ओट्याखाली कुत्रा बसलेला असणं गोड दिसतं, पण दोन असले की ती जागा वादाची.

‘जागेवर’ ही आज्ञा याच कामासाठी. प्रत्येकाची स्वतःची चटई, दोन चटयांत किमान दोन मीटर. एकेकाला वेगळं शिकवा: चटईवर पाय पडला की तुकडा चटईवरच टाका, हातातून देऊ नका. पाच सेकंद, दहा, तीस, मग तुम्ही एक पाऊल मागे, मग दाराआड. दोघंही एकटे असताना दोन मिनिटं निवांत बसू लागले की मगच एकत्र. एकत्र असताना नाव घेऊन वाटा: ‘मोती’, तुकडा मोतीला, ‘ब्रुनो’, तुकडा ब्रुनोला. थोड्याच दिवसांत मोतीच्या नावाला ब्रुनो उठेनासा होतो, कारण पुढची पाळी आपली हे त्याला कळतं. डल्लेखोराला हाच धडा सर्वांत उपयोगी.

राखणाऱ्याचं मन वळवणं

दाराची व्यवस्था लागून दोन आठवडे शांततेत गेले की हे काम सुरू करायचं. दोन माणसं लागतात. उद्देश एकच: दुसरा कुत्रा दिसणं ही राखणाऱ्यासाठी चांगली बातमी व्हायला हवी.

उकडलेलं चिकन घ्या, बिनमिठाचं, हाड काढलेलं, हरभऱ्याएवढे तुकडे. राखणारा फाटकाच्या आत, समोर रोजचंच साधं खाद्य, मूठभर. दुसरा कुत्रा पट्ट्यावर, हॉलच्या पलीकडच्या टोकाला दाराआड. अंतर किती? राखणारा चघळणं न थांबवता त्याच्याकडे बघू शकतो तेवढं. बऱ्याच घरांत ते तीन-चार मीटर निघतं. पट्टा धरलेला माणूस दुसऱ्याला घेऊन दिसेल अशा जागी येतो, आडवा चालतो, थेट समोरून येत नाही. तो दिसला की लगेच राखणाऱ्याकडे दोन-तीन तुकडे टाका. तो दाराआड गेला की चिकन बंद. असं पाच-सहा वेळा आणि थांबा. पाच मिनिटांच्या वर नाही, दिवसातून एकदा, मुख्य जेवणाच्या वेळी नाही. कडकडून भूक लागलेली असताना शिकवणं होत नाही.

काही दिवसांनी दुसरा दिसताच राखणारा ताटलीतून मान वर काढून तुमच्याकडे बघू लागतो: ‘कुठंय माझं?’ ही नजर दिसेपर्यंत अंतर कमी करायचं नाही. दोन सत्रं सलग दिसली की एक फूट पुढे. कुठेही थबकला, मान खाली गेली, तर दोन फूट मागे. आठवडे लागतात, काहींना महिने. फाटक शेवटपर्यंत मध्येच राहतं.

बिघडतं ते ठराविक ठिकाणी. चिकन आधी टाकलं आणि दुसरा नंतर दिसला, तर क्रम उलटतो: राखणाऱ्याच्या लेखी चिकन म्हणजे ‘आता तो येणार’ अशी धोक्याची सूचना होते. तुकडा फाटकाबाहेर पडला, तर तुम्ही स्वतः दोघांच्या मध्ये भांडणाचं कारण ठेवलंत. दुसरा कुत्रा टक लावून बघत असेल, तर राखणाऱ्याला ते आव्हान वाटतं. पट्टा धरणाऱ्याने त्याला सतत आपल्याकडे वळवून तुकडे देत राहायचं. आणि घाई. आज चांगलं गेलं म्हणून रात्री दोघांना शेजारी वाढून बघू, या मोहाने महिन्याचं काम एका जेवणात जातं.

‘सोड’ही शिकवा, पण अदलाबदलीने. तोंडातल्या वस्तूपेक्षा चांगलं काही नाकाशी धरा, वस्तू सुटली की ते द्या, आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर तीही परत द्या. सोडलं की जातंच असं नाही, हे त्याला पटायला हवं.

माणसांची जेवणं, पाहुणे, सणवार

भारतीय बैठकीवर जेवणाऱ्या घरात कुत्र्याचं तोंड आणि ताट एका पातळीवर येतं, आणि पंगतीत कोणीतरी हळूच घास टाकणारं असतंच. बहुतेक वेळा आजी-आजोबा किंवा मुलं. त्यांना ‘देऊ नका’ म्हणून उपयोग होत नाही. ‘जेवण झाल्यावर, एकेकाला, त्यांच्या ताटलीत’ असं सांगा, ते पाळलं जातं. तीन-चार वर्षांचं मूल हातात बिस्किट घेऊन दोन कुत्र्यांच्या मध्ये उभं असेल, तर शिकवण्याची वेळ नसते. मुलाला उचला किंवा कुत्र्यांना आत घ्या. मूल खाताना दोन्ही कुत्रे दाराआड, यात सूट नाही.

गौरी-गणपती आणि दिवाळीत घर भरलेलं, फटाके वाजत असलेले, जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या, आणि जमिनीवर काय काय सांडलेलं. एरवी न भांडणारेही या दिवसांत भांडतात. वर शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसणाचं वाटण हे कुत्र्यांना विषारी, तेव्हा बंद दाराचा दुहेरी फायदा.

हाडं, च्यू स्टिक, भरलेली रबरी खेळणी: जे चघळायला वेळ लागतो त्यावरून ताटलीपेक्षा जास्त भांडणं होतात, कारण ते घेऊन फिरता येतं. ही वस्तू फक्त बंद दाराआड द्यायची आणि मोजून परत घ्यायची. शिजवलेली हाडं तर देऊच नका, त्यांच्या किरचा होतात.

नवीन आणलेलं पिल्लू

मोठा कुत्रा लहान पिल्लाची ताटलीतली लुडबुड काही आठवडे चालवून घेतो. पिल्लू वाढू लागलं की एक दिवस गुरगुरतो आणि घरच्यांना वाटतं, ‘हा मत्सरी झाला’. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान-संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला, त्यात पिल्लं मोठी होत गेली तशा आयाही अन्नासाठी स्वतःच्या पिल्लांशी झगडू लागल्या. सख्खी आई जिथे वाटा सोडत नाही तिथे सावत्र थोरल्याकडून काय अपेक्षा करायची! पिल्लाला पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत वाढा. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाने भावंडांशी झटापट करूनच खाल्लेलं असतं, त्यामुळे तेच राखणारं निघणंही तितकंच शक्य आहे. दोन माद्या घरात असतील तर जास्त जपा. त्यांच्यातली भांडणं टोकाला जाण्याचं आणि टिकून राहण्याचं प्रमाण अधिक असतं.

जुंपलीच तर

हात मध्ये घालू नका, गळ्यातला पट्टा धरू नका. त्या क्षणी कुत्रा बघून चावत नाही. स्टीलचं ताट फरशीवर आपटा, बादलीभर पाणी तोंडावर मारा, चादर अंगावर टाका, किंवा खुर्ची, पाट, मोठा ट्रे मध्ये सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून मागे ओढायचं आणि न थांबता थेट दाराआड. मात्र जबड्याची पकड बसलेली असताना ओढू नका, कातडी फाटते. पकड सुटेपर्यंत पाणी आणि चादर.

सुळ्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत खोल असते. केसांत शोधा, आणि सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली तरी. हळद, मिरची, चुना काही भरू नका.

दोघांना एक-दोन दिवस पूर्ण वेगळं ठेवा. ‘समेट’ करायला समोरासमोर बसवू नका. पुन्हा भेट घराबाहेर, पट्ट्यावर, समांतर चालत, खाऊ खिशातही न ठेवता.

कुठे थांबायचं

तीस किलो आणि पाच किलो अशी जोडी, कुठलीही खूण न देता होणारे चावे, टाके पडण्याइतक्या जखमा, किंवा घरात रांगतं मूल: यातलं काही असेल तर फाटकाची शिकवणी स्वतः करू नका. पशुवैद्यकाकडून तपासणी करून वर्तनाचं काम जाणणारा माणूस गाठा, आणि तो पहिल्याच भेटीत शॉकचा किंवा काट्यांचा पट्टा काढत असेल तर दुसरा शोधा. तोपर्यंत दोघांनाही जाळीदार टोपलीसारख्या मझलची (तोंडावर बांधायच्या मुसक्याची) सवय लावायला हरकत नाही. त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्टीचा मझल घरात तासन्‌तास ठेवण्यासाठी नसतो.

आणि शिकवणी अजिबात केली नाही तरी चालतं. दोन दारांआड दोन ताटल्या, आयुष्यभर. दिवसाला चाळीस मिनिटांचं काम आहे. अनेक घरं तेवढंच करतात आणि त्यांचे कुत्रे बाकीचा दिवस एका चटईवर काढतात. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती सुरुवातीची चित्रफीत घेऊन जा. दवाखान्यातल्या टेबलावर दोघंही साळसूद असतात.